व्हॅनमध्ये प्लायची फ्लोअर बसवताना
ट्रॅव्हलर व्हॅनची जुनी मॅट काढली की आधी गंज बघा, घासून रेड ऑक्साईड (गंजरोधक प्रायमर) मारा आणि पूर्ण वाळू द्या, इथे घाई केलीत तर कोकणातल्या पावसाळ्यात गंज खालून पत्रा खाऊन टाकेल. प्लाय १२ एमएमचा मरीनच घ्या, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून, साधा कमर्शियल ओल धरतो आणि फुगतो. डायरेक्ट कापू नका, चाकाच्या उंचवट्याचा आकार आधी पुठ्ठ्यावर काढा. कडेला ३-४ एमएम गॅप सोडा. कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्याच, हे बरेच जण विसरतात आणि पाणी तिथूनच शिरतं! ड्रिल मारण्याआधी गाडीखाली जाऊन डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप नेमके कुठे आहेत ते बघा, मी तर वर खडूने मार्कच करून ठेवतो.