सिलियाच्या ठोक्यांची वारंवारता मोजताना

निरोगी माणसाच्या श्वासमार्गातले सिलिया (पेशींवरचे सतत हलणारे सूक्ष्म केस) ३७ अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण १० ते १५ ठोके देतात, म्हणजे १० ते १५ हर्ट्झ. मोजणीचा आकडा यापेक्षा फार वेगळा आला, तर पेशींना दोष देण्याआधी तापमान आणि कॅमेरा तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

नमुना नाकातून घेणे सोपे. खालच्या टर्बिनेटवर (नाकपुडीच्या आतल्या कडेच्या उंचवट्यावर) सायटॉलॉजी ब्रश (पेशी खरवडून घेण्याचा बारीक ब्रश) दोन-तीनदा फिरवा. भूल देऊ नका, कारण लिग्नोकेन या भुलीच्या औषधाने सिलिया मंदावतात. सर्दी नुकतीच होऊन गेली असेल तर चार ते सहा आठवडे थांबा. ब्रश लगेच २ ते ३ मिलिलिटर मीडियम १९९ या पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात झटका. त्यात पीएच (आम्लता) स्थिर ठेवणारा हेपीस बफर हवाच. फक्त बायकार्बोनेटच्या भरवशावरचे माध्यम उघड्या हवेत कार्बन डायऑक्साइड गमावते, त्याचा पीएच चढतो आणि ठोके बदलतात. मोजणी त्याच दिवशी उरका.

नमुना साधी स्लाइड आणि कव्हरस्लिप यांत दाबून बसवू नका. मध्ये स्पेसर ठेवून सुमारे १ मिलिमीटर खोलीचा कप्पा करा, नाहीतर पेशी चिरडतात आणि सिलिया काचेला घासतात. कडा सील करा. पाणी उडून गेले की द्रावण घट्ट होते आणि वेग घसरतो.

तापमानाकडे मात्र मनापासून लक्ष द्या. खोलीच्या तापमानाला वारंवारता बरीच खाली येते, त्यामुळे ‘साधारण कोमट’ चालत नाही. नुसता मायक्रोस्कोपचा स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) तापवूनही भागत नाही: १०० पटीचा ऑइल ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचे भिंग) तेलातून थेट काचेला टेकलेला असतो आणि नमुन्याची उष्णता ओढून घेतो. त्यालाही हीटर कॉलर लावा. स्टेजच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कप्प्यातल्या द्रवात बुडवून तापमान पाहा. स्लाइड ठेवल्यावर तापमान स्थिरावेपर्यंत रेकॉर्डिंग सुरू करू नका.

कॅमेऱ्याचा वेग अपेक्षित वारंवारतेच्या दुप्पट असला की झाले, हे कागदावर खरे. प्रत्यक्षात सेकंदाला १०० फ्रेमच्या खाली जाऊ नका, आणि ठोक्याची ढब पाहायची असेल तर ५०० ठेवा. ३० फ्रेमच्या साध्या कॅमेऱ्यात १८ हर्ट्झचा सिलिया बेमालूमपणे १२ हर्ट्झचा दिसतो. आकडा अगदी निरोगी वाटतो, म्हणून चूक पकडलीच जात नाही. एक्स्पोजर १ मिलिसेकंद किंवा कमी ठेवा. विजेच्या पुरवठ्यावर लुकलुकणारा दिवा वर्णपटात (कोणती वारंवारता किती ठळक हे दाखवणाऱ्या आलेखात) स्वतःचे शिखर उमटवतो, तेव्हा स्थिर डीसी पुरवठ्यावरचा एलईडी वापरा. शंका आली तर नमुन्याशिवाय रिकामे क्षेत्र चित्रित करून पाहा.

कडेने दिसणारी, सलग, किमान ५० मायक्रॉन लांबीची पट्टी निवडा. म्युकसखाली दबलेल्या, फाटक्या कडेच्या आणि माध्यमात गिरक्या घेणाऱ्या सुट्या पेशी सोडा.

हाताने मोजायचे तर १० पूर्ण ठोक्यांना किती फ्रेम लागल्या ते पाहा. ५०० च्या वेगाने ४०० फ्रेम लागल्या, तर ५०० × १० ÷ ४०० = १२.५ हर्ट्झ. सॉफ्टवेअरने करायचे तर प्रत्येक पिक्सेलच्या उजेडातून आधी सरासरी वजा करा, मग फूरिए रूपांतर (उजेडाच्या चढउतारातल्या वारंवारता वेगळ्या काढणारे गणित). विभेदन एकूण वेळेवर ठरते: २ सेकंदांचे रेकॉर्डिंग ०.५ हर्ट्झपेक्षा बारीक फरक सांगू शकत नाही. शिखर शोधण्याची मर्यादा ३ ते ३० हर्ट्झ ठेवली की स्टेजच्या सरकण्याचा गोंगाट खाली राहतो. दुसरा सापळा दुप्पट वारंवारतेचा. सिलिया जाताना आणि परत येताना एकाच पिक्सेलवरून जातो, म्हणून कधी २४ हर्ट्झचे शिखर १२ पेक्षा उंच दिसते. असे काही ठिपके निवडून व्हिडिओ संथ करा आणि डोळ्यांनी मोजा.

न हलणारे सिलिया शिखरच देत नाहीत, त्यामुळे सरासरीतून गुपचूप गळतात. निम्मी पट्टी मेलेली असूनही ‘१२ हर्ट्झ’ असा अहवाल निघू शकतो, म्हणून हलणाऱ्या भागाची टक्केवारी शेजारी लिहा. प्रायमरी सिलियरी डिस्कायनेसिया या, सिलिया जन्मतःच नीट न हलण्याच्या आजाराच्या तपासणीत तर नुसती वारंवारता मुळीच पुरत नाही: डीएनएएच११ जनुकातल्या दोषात सिलिया वेगाने पण ताठरपणे, तोकडा झोका घेत हलतात. ५०० फ्रेमचा व्हिडिओ संथ करून फटकाऱ्याचा पल्ला आणि वाक पाहिल्याशिवाय अशा नमुन्यावर ‘सामान्य’ असा शेरा मारू नका.