शेजारचं कुत्रं कोंबड्यांवर टपलंय? या चुका टाळा

पहिली कोंबडी गेली तेव्हा मी तोंड उघडलं नाही. लातूरपासून जवळच आमचं गाव, भिंतीला भिंत लागून घरं, आणि शेजारचे तात्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे. एका कोंबडीपायी त्यांच्या दारात कशाला जायचं, म्हणून पिसं गोळा केली, उरलंसुरलं उकिरड्यावर टाकलं आणि कामाला लागले. आठव्या दिवशी सकाळी बघते तर अंगणभर पिसं आणि सहा कोंबड्या मरून पडलेल्या. खाल्लेली एकही नाही. त्यातली एक खुडूक होती, अकरा अंड्यांवर बसून तिचा सतरावा दिवस होता. अजून चार दिवस मिळाले असते तर पिल्लं निघाली असती.

त्या आठ दिवसांत मी ज्या चुका केल्या, त्याच माहेरी, पाहुण्यांकडं, सगळीकडं होताना दिसतात. कुत्र्याला एकदा चटक लागली की कितीही हाकला, ते वेळ साधून येतंच. जे काय करायचं ते पहिल्या कोंबडीलाच करायचं.

कुणी मारलं हे न बघताच भांडण काढणं

शेजारचं कुत्रं मोकळं हिंडतं म्हणून प्रत्येक मेलेली कोंबडी त्याच्या नावावर टाकता येत नाही. घरचं भाकरी खाणारं कुत्रं बहुतेक वेळा भुकेपायी मारत नाही. कोंबडी फडफडली की त्याची झडप घालायची खोड जागी होते. एक गप्प पडली की ते दुसरीमागं लागतं. म्हणून कुत्रं येऊन गेलं की चार-सहा कोंबड्या तशाच पडलेल्या सापडतात, पाठीला-मांडीला चावे आणि पिसं सगळीकडं. मुंगूस मानेला, डोक्याला धरतं, अंडी फोडतं आणि कुत्र्याचं तोंडही जाणार नाही अशा फटीतून आत शिरतं. बोका किंवा रानमांजर एखादी उचलून नेतं, कोल्हाही नेतो. दिवसाउजेडी पिल्लं एकेक करून कमी होत असतील तर वर बघा, घार असेल.

खात्री करायची साधी रीत आहे. रात्री खुराड्याभोवती चुलीतली राख चाळून पातळ पसरायची. कुत्र्याच्या पंजापुढं नखांचे ठिपके उमटतात. मांजर नखं आत घेऊन चालतं, त्यामुळं तिथं नुसता गोल ठसा. शेजारी काडेपेटी ठेवून मोबाईलवर फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. माझ्या राखेत उजव्या पायाचं एक बोट अर्धवट उमटलं होतं. तात्यांच्या कुत्र्याचं, टिप्याचं, तेच बोट लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली आलेलं. पुढं बोलायला हे फार कामाला आलं.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकणं

ही माझी दुसरी चूक, आणि चटक लावणारी खरी हीच. उकिरड्यावर टाकलेली कोंबडी म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या कुत्र्यांना आवतण. दोन-तीन फूट खड्डा घ्या, वर चुन्याची फक्की टाका, माती दाबा आणि बाभळीचा काटा रचून ठेवा. आखाडात घरोघरी कोंबडं कापलं जातं तेव्हा आतडी-पिसं नाल्याकडंला टाकायची सवय आहे, तीही मोडा. गावात चिकनचं दुकान असेल तर त्याचा कचरा कुठं जातो हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला लाजू नका.

दोन हंगाम जास्त जपायचे. भाद्रपदात एका कुत्रीमागं पाच-सहा कुत्री हिंडतात. एरवी एकटं असताना शेपूट घालणारं कुत्रंही टोळीत असलं की वेगळंच असतं. आणि दसरा-दिवाळीनंतर, बीडकडच्या गावांत तर फारच, माणसं ऊसतोडीला जातात. दाराला कुलूप, कुत्रं मात्र ओट्यावर. त्याला भाकरी टाकणारं कुणी राहत नाही. ही कुत्री मात्र खरोखरच खायला म्हणून येतात.

‘कोंबडी जाळी’वर भरवसा ठेवणं

बाजारात षटकोनी भोकांची पातळ जाळी ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळते. नावावर जाऊ नका. ती कोंबडी आत राहावी म्हणून आहे, कुत्रं बाहेर राहावं म्हणून नाही. जरा मोठं कुत्रं पंजा अडकवून, दातानं ओढून ती फाडतं. तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड तर एक उन्हाळा खाल्ला की कुत्र्याच्या नाकानंच वाकतो. घ्यायची तर वेल्ड केलेली चौकोनी जाळी घ्या, एक इंची किंवा त्याहून बारीक भोकाची. दुकानदार गेज सांगेल: आकडा लहान तितकी तार जाड. १४ गेज चांगली, २० गेज म्हणजे पैसे पाण्यात. सगळ्या बाजूंना परवडत नसेल तर निदान खालचे तीन फूट तरी तीच लावा.

पण कुत्रं जाळीशी झगडत बसत नाही, खालून उकरतं, आणि इथं आपली काळी माती दगा देते. एप्रिल-मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगाचा पाऊस पडला की ती फुगते, खांब तिरके होतात आणि जाळीखाली फट पडते. तुम्हाला वाटतं कुंपण आहे, कुत्र्याला माहीत असतं कुठून नाही. उपाय असा: जाळीचा खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा काटकोनात बाहेरच्या बाजूला दुमडून जमिनीवर पसरायचा आणि त्यावर दगड रचायचे. कुत्रं उकरतं ते कुंपणाच्या अगदी बुडाशी. तिथं नखाला तार लागली की दोन फूट मागं सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. मी तर वर शहाबादी फरशीचे तुकडे टाकलेत. आपल्याकडं कुणाच्याही बांधकामावर ते पडलेले असतात, मागितले तर कुणी नाही म्हणत नाही.

दाराला नुसती फळी आणि तिला टेकवलेला दगड, हे बंद करा. दगड ढकलायला कुत्र्याला दोन मिनिटं लागत नाहीत. कडी-कोयंडा लावा, त्यात खिळा अडकवा.

याच्या उलटी चूकही होते. घाबरून लोक पत्र्याची पेटी करतात आणि कोंबड्या ठासून बंद करतात. पारा बेचाळीसवर गेलेल्या मे महिन्यात त्या पेटीत कोंबड्या उकाड्यानंच मरतात. मग कुणीतरी रात्री दार उघडं ठेवतं आणि कुत्र्याचं फावतं. वरच्या बाजूला समोरासमोर दोन झरोके ठेवा, त्यांना जाळी मारा, पत्र्यावर ओलं गोणपाट टाका. कोंबड्या दिवेलागणीला आपण होऊन येतात, तेव्हाच कोंडायच्या. सकाळी मात्र उजाडल्या-उजाडल्या सोडू नका. कुत्री पहाटेच हिंडतात. ऊन वर आलं, ती सावलीला पडली, मग सोडा.

शेजाऱ्याशी बोलताना

रागाच्या भरात, हातात मेलेली कोंबडी धरून, चार माणसांदेखत जाणं ही चूक. माझ्यासारखं गप्प बसणं ही त्याहून मोठी. मी गेले ती सहा कोंबड्या मेल्यावर, संध्याकाळी, तात्या एकटे ओट्यावर असताना.

“तात्या, एक बोलायचं होतं. टिप्यानं माझ्या कोंबड्या मारल्यात.”

“काय बोलायलीस सूनबाई? आमचा टिप्या रात्रभर दारात असतोय.”

“रात्री असतोय की. पहाटे पाचला तुम्ही सोडता ना त्याला, तवा येतोय.” आणि राखेतल्या पंजाचा फोटो पुढं केला. ते अर्धं बोट बघून तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भरपाई किती द्यायची सांग.”

मी भरपाई मागितली नाही. नेमकं एक मागितलं: सात वाजेपर्यंत त्याला बांधून ठेवा. ‘कुत्र्याला आवरा’ म्हटलं की समोरच्याला आपला अपमान वाटतो आणि नक्की काय करायचं तेही कळत नाही. वेळ सांगा, साखळी किती लांब हवी ते सांगा, जमलं तर साखळी आपणच नेऊन द्या.

जातिवंत कुत्रं असेल तर मालक जास्त चिडतो. आपल्या भागात कारवान पाळायची हौस मोठी. ते कुत्रं पळत्या सशामागं धावायलाच जोपासलेलं आहे, त्यानं पळत्या कोंबडीला सोडावं ही अपेक्षाच चुकीची. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शनही भरतं आणि कुक्कुट प्रदर्शनही, पण तिथं कुत्री दोरीला आणि कोंबड्या पिंजऱ्यात असतात. हे उदाहरण मी एका पाहुण्याला दिलं, त्याला पटलं.

बोलून झालं नाही तर कागदावर या. तारीख, वेळ, फोटो आणि किती कोंबड्या गेल्या हे लिहून ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि पोच घ्या. गावातली तंटामुक्त समिती असली भांडणं मिटवायलाच आहे. कोंडवाड्यात कुत्रं टाका म्हणून सरपंचाच्या मागं लागू नका, तो कायदा गुरं-शेळ्या-डुकरांसाठी आहे. वनविभागाकडंही धावू नका. त्यांची भरपाई वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची असते, पाळीव कुत्र्याची नाही. तेच कुत्रं माणसांवर, लेकरांवर धावत असेल तर गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, जनावरापासून माणसाला धोका असताना मालकानं काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

विष, करंट आणि पोतं

कीटकनाशक लावलेला मटणाचा तुकडा टाकणारे महाभाग प्रत्येक गावात एक-दोन असतात. तो तुकडा कोण खाईल हे तुमच्या हातात नसतं. टिप्या खाईल, तुमचीच मांजर खाईल, नाहीतर घार तो उचलून कुणाच्या अंगणात टाकेल. शिवाय जनावराला विष घालून मारणं हा त्याच संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आपण फिर्यादी होतो ते आरोपी होऊन बसतो.

कुंपणाला थेट घरातला करंट सोडणं तर सरळ माणूस मारायचा धंदा. रानडुकरांसाठी मिळतं ते झटका मशीन वेगळं, ते क्षणभराचे ठोके देतं. तरी घराच्या अंगणात, लेकरं खेळतात तिथं, मला ते नको वाटतं.

मोकाट कुत्र्याला पोत्यात घालून दुसऱ्या शिवारात सोडण्यानं काही साधत नाही. त्याची जागा दुसरं कुत्रं घेतं आणि सोडलेलं त्या गावच्या कोंबड्यांवर जातं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं त्याच जागी सोडायचं असं आहे. ते स्थानिक संस्थेचं, म्हणजे गावात ग्रामपंचायतीचं काम, म्हणून अर्ज तिथंच.

कुत्र्याच्या तोंडातून कोंबडी ओढणं

चावे जास्त करून इथंच बसतात. हात घालू नका. बादलीभर पाणी कुत्र्याच्या तोंडावर फेका, पत्रा बडवा, दोघांच्या मध्ये सूप किंवा घमेलं धरा.

चावलंच, नखानं ओरखडलं तरीही, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. चटणी, चुना, तेल काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस कातडीत देतात तिचे दिवस ०, ३, ७ आणि २८. रक्त आलेलं असेल तर जखमेभोवती वेगळं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. कुत्रं मारू नका, दहा दिवस नजरेखाली ठेवा. ते ठणठणीत दिसत असलं तरी लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट बघायची नाही. कुत्र्याची लाळ गळतेय, आवाज बदललाय, दिसेल त्याला चावत सुटलंय, तर लांब राहा आणि ग्रामपंचायत व पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. शेळीला, करडाला चावलं असेल तर त्यांनाही चावल्यानंतरची लस असते. १९६२ या नंबरावर फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं.

वाचलेली कोंबडी तशीच सोडणं

पिसांखाली जखम दिसत नाही. कोंबडी चालते-फिरते म्हणून सोडून देतात आणि तिसऱ्या दिवशी वास येतो, बघावं तर अळ्या. पंख उचलून काखेत बघा, पाठीवरची पिसं उलटी फुंकून बघा. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवा, आयोडीनचं मलम लावा आणि तिला डालग्याखाली अंधारात, गर्दीपासून लांब, पाण्याची वाटी देऊन ठेवा. रॉकेल, फिनेल नको. बाकीच्या कोंबड्यांत लगेच सोडली तर त्या रक्त बघून टोचतात. दात खोल गेला असेल तर डॉक्टरच बरा.

मांजर, ससा, लहान पिल्लू घरात असेल तर एकच सांगते: अंगणात त्याला दोरीनं बांधून ठेवून शेताला जाऊ नका. बांधलेल्या जनावराला पळायलाही येत नाही.

टिप्या आता सातपर्यंत साखळीला असतो. राख मात्र मी अजून अधूनमधून पसरते. परवा त्यात नखांशिवायचा गोल पंजा उमटला. बोका असणार, वरच्या झरोक्याची जाळी एका कोपऱ्यात सुटलीय. आज ती तारेनं आवळायची आहे.