पॅक-मॅनचे पुढचे भाग कोणत्या क्रमाने खेळावेत

१९८० साली नामको या जपानी कंपनीने आणलेला मूळ ‘पॅक-मॅन’, म्हणजे चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके खाण्याचा व्हिडिओ गेम, आधी मनापासून खेळावा, कारण पुढे काय बदलले हे त्याशिवाय नीट कळत नाही. वळण येण्याच्या किंचित आधीच जॉयस्टिक त्या दिशेला दाबून धरावी. पॅक-मॅन कोपरा भुतांपेक्षा जलद कापतो आणि अगदी पाठीशी आलेले लाल भूतही मागे पडते. भुतांची चाल ठरलेली असल्याने येथे मार्ग पाठ करता येतो.

त्यानंतर १९८२ चा ‘मिस पॅक-मॅन’ घ्यावा. त्यात चार निरनिराळे चक्रव्यूह आहेत, फळे एका जागी न थांबता फिरतात आणि भुतांच्या हालचालीत अनिश्चितता मिसळलेली असल्याने पाठांतर कामी येत नाही. माझ्या मते मालिकेतला सर्वांत कसदार भाग हाच. १९८७ च्या ‘पॅक-मेनिया’त उडी मारता येते, तेवढे अनुभवून पुढे जावे. २००७ च्या ‘चॅम्पियनशिप एडिशन’मध्ये मात्र रमावे: एका अर्ध्या भागातले ठिपके संपले की दुसऱ्या भागात फळ येते आणि ते खाताच रिकाम्या भागाची रचना बदलते.

२०२२ चा ‘पॅक-मॅन म्युझियम प्लस’ हा १४ खेळांचा संग्रह सोयीचा आहे. परंतु त्यात ‘मिस पॅक-मॅन’ नाही, हे घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.