सासऱ्यांचं गळकं घर हातात घेताना

गावचं घर दुरुस्त करायला बहुतेक जण एप्रिल-मेमध्ये जातात. सुट्टी असते, गवंडी मिळतो, वाळू-सिमेंट दारापर्यंत येतं. पण त्या दिवसांत घर आपली दुखणी दाखवत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की आधी एकदा जुलैमध्ये जा, पावसाचे चार दिवस तिथे राहा आणि चुलीतला कोळसा हाताशी ठेवा.

आमचं घर दापोली तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. पुढचा भाग जुना, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतींचा आणि मंगळुरी कौलांचा. मागच्या दोन खोल्या आणि न्हाणीघर आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, 1994 साली मुंबईच्या नोकरीतल्या फंडाच्या पैशांतून बांधलं. नकाशा नव्हता, इंजिनीअर नव्हता, वाळू खाडीतली. सासूबाई गेल्यानंतर आप्पा तिथे एकटेच राहिले आणि घराकडे कुणी पाहिलं नाही. विषय काढला की एकच उत्तर, "मी हाय तवर घराला हात लावायचा नाय." यावरून बापलेकांचं बोलणं दोन-तीनदा तुटलं. शेवटी ते काम माझ्याकडे आलं.

कोळसा कशासाठी, ते सांगते. सलग तीन दिवस पाऊस लागला की भिंतीवर ओल जिथपर्यंत आली असेल तिथे रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मग ओलीचा आकार बघा. वरून खाली ओघळ आले असतील तर दोष छपराचा किंवा स्लॅबचा. खिडकीच्या अवतीभवती डाग असेल, तोही पश्चिमेच्या भिंतीला, तर झड आत येते आहे. अशा भिंतीला पूर्वी पावसाळ्याआधी झावळ्यांचे झाप बांधत, आणि आजही त्याहून स्वस्त उपाय नाही. जमिनीपासून दोन-तीन फूट वर सगळीकडे सारखी पट्टी दिसली तर पाणी खालून चढतं आहे. शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढून बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतूनच येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा आहे, खोलीत हवा खेळती ठेवा.

आमच्याकडे तिन्ही प्रकार होते. पण सगळ्यात वाईट हाल मागच्या भिंतीचे, आणि त्याचं कारण मला आप्पांनीच दाखवलं.

त्यासाठी प्रश्न कसा विचारायचा हे आधी शिकावं लागलं. "आप्पा, हे बांधकाम चुकलंय" असं आमच्याकडच्या प्रत्येकाने त्यांना कधी ना कधी ऐकवलं होतं. मी पडवीत त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "आप्पा, तुमच्या लहानपणी डोंगरावरचं पाणी कुठून जायचं?" ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने काठी घेऊन उठले आणि भर पावसात परसात गेले. मी छत्री घेऊन मागोमाग. त्यांनी काठीने जमिनीवर रेघ ओढली, न्हाणीघराच्या मागून फणसाला वळसा घालून थेट पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत. "हितनं चर होता गो. न्हाणीघर बांधताना मीच बुजवला."

म्हणजे तीस वर्षं डोंगराचं पाणी आमच्या मागच्या भिंतीला येऊन थांबत होतं. शिवाय दर पावसाळ्यात माती वाहून येऊन साचत गेली होती. मागच्या बाजूला जोतं दिसतच नव्हतं, बाहेरची जमीन आतल्या लादीपेक्षा वीतभर उंच झाली होती. अशा भिंतीला कुठलंही वॉटरप्रूफिंग लावा, ती ओलीच राहणार.

तेव्हा रंग, लाद्या, स्लॅब सगळं बाजूला ठेवून पहिलं काम चराचं करा. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास. आधी घराला टेकलेली माती काढा, जोतं निदान नऊ इंच उघडं दिसेल इतकी. जमिनीला उतार घरापासून बाहेरच्या दिशेने द्या. चर भिंतीला चिकटून खणू नका, पाया उघडा पडेल. आम्ही तीन फूट सोडून दीड फूट खोल चर खणला, तळाला सलग उतार दिला आणि आप्पांच्या रेघेवरूनच पऱ्यात नेऊन सोडला. दोन माणसांचं चार दिवसांचं काम. पूर्ण दुरुस्तीतला हा सगळ्यात कमी खर्च, आणि सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडला.

स्लॅबला मात्र घाई करू नका. खाडीच्या वाळूत मीठ असतं. त्याने सळया गंजतात, गंजून फुगतात आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतात. आमच्या मधल्या खोलीत तांबूस ओघळ आले होते आणि पोपडे थेट अंथरुणावर पडत. काठीने छत ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर ते काँक्रीट सळईपासून सुटलेलं आहे. गवंडी म्हणेल, वरून गिलावा मारून देतो. मारू देऊ नका. सुटलेलं सगळं पाडायचं, सळईच्या मागपर्यंत खरवडायचं, तारेच्या ब्रशने गंज काढून गंजरोधक लेप द्यायचा आणि मग पॉलिमर मॉर्टरने भरायचं. सळईची सालं निघत असतील, ती बारीक झाली असेल, तर गवंड्याचा सल्ला पुरत नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा. आम्ही बोलावला. मधल्या खोलीचा स्लॅब वाचला, न्हाणीघराचा पाडावा लागला. पाडायच्या दिवशी आप्पांना पाहुण्यांकडे पाठवून द्यावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी तसं केलं नाही. ते खुर्ची टाकून खळ्यात बसले, पहिला घाव पडला तेव्हा मान खाली घातली, आणि दुपारी त्यांनीच कामगारांना चहा करून दिला. ज्याने ते बांधलं त्याच्या पाठीमागे ते पाडू नये असं मला मनापासून वाटतं.

स्लॅबवर पाणी साचत असेल तर दहा फुटांना सवा इंच तरी उतार करून घ्या. कोकणात सर्रास वर पत्र्याची शेड घालतात, ते चांगलंच आहे, पण खांबांसाठी गंजलेल्या स्लॅबला भोकं पाडू नका. खांब भिंतींवर घ्या आणि पत्र्यांच्या हुकांमध्ये काटकसर करू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या भागातले पत्रे कागदासारखे उडालेले आम्ही पाहिले आहेत.

जुन्या चिऱ्याच्या भिंतींना आप्पांनी कधीतरी सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट मारला होता. चिरा सच्छिद्र असतो. ओल घेतो तशी सोडतोही, पण वाट असेल तर. आम्ही तो गिलावा काढला, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली आणि मग चुन्याचा गिलावा केला. लोणा लागला असेल, म्हणजे भिंतीवर पांढरं मीठ फुललं असेल, तर कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर मीठ पुन्हा आत जातं.

वाळवीसाठी भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध भरतात. विहीर जवळ असेल तर औषध भरणाऱ्याला आधी तसं स्पष्ट सांगा. वासे टाचणीने टोचून बघा, टाचणी सहज आत गेली तर तो वासा बदला. कौलांचे आणि लाकडांचे ढीग हातमोजे घालून, दिवसा उजेडी हलवा. मण्यार अशाच जागी असते.

विजेच्या बाबतीत मात्र मी आप्पांचं काहीही ऐकलं नाही. ओल्या भिंतीतली जुनी वायर, नसलेलं अर्थिंग, आणि घरात एकटा म्हातारा माणूस. पहिल्याच आठवड्यात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला आणि अर्थिंग करून घेतलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चालेल.

पैसे खर्च करण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा आणि घर कुणाकुणाच्या नावावर आहे ते बघा. घर सामायिक असेल तर चुलत्यांना आधी फोन करा, खर्च लिहून ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एखादा खर्च स्वतः करायचा असेल तर करू द्या. आमची नवी कौलं आप्पांच्या पेन्शनची आहेत. कौलवाल्याशी घासाघीसही त्यांनीच केली.

चुना लावताना मागच्या खोलीतली एक हातभर रुंद पट्टी तशीच सोडा, कोळशाच्या रेघा पुसू नका. दर जुलैला तिथेच नवी रेघ मारायची, म्हणजे ओल चढते की उतरते ते कळतं. आमच्या पट्टीवर आता तीन रेघा आहेत. पहिली माझ्या कमरेएवढी, दुसरी गुडघ्याशी. तिसरी जमिनीपासून चार बोटं वर आहे, आणि तिच्यापुढची तारीख आप्पांच्या हातची आहे.