मदरबोर्ड बदलला, तर विंडोज पुन्हा टाकायचं का?

इंदूरमध्ये कॉम्प्युटरचे पार्ट घ्यायचे म्हणजे सिल्वर मॉल. खरेदी आटोपली की आपली बरीच मंडळी हळूच विचारतात, "भैया, विंडोज भी नया डालना पड़ेगा क्या?" बहुतेक वेळा नाही.

रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, जादाची एसएसडी यातलं काहीही असलं तरी बसवा आणि चालू करा. ग्राफिक्स कार्डाची कंपनी बदलणार असाल तर जुना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आधी काढा, बास. रॅमला अपवाद एकच. जुन्या पीसीवर ३२-बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर कितीही रॅम लावा, उपयोग शून्य. सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये 'सिस्टिम टाइप' बघा. ३२ वरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होत नाही; तिथे मात्र कोरं विंडोज टाकावंच लागतं.

त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर लावायचा असेल तर बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं, बोर्डावरचंच सॉफ्टवेअर) आधी अपडेट करा, जुना प्रोसेसर काढायच्या आत. नवा प्रोसेसर जुन्या बायोसने ओळखला नाही, तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

विंडोज असलेली हार्ड डिस्कच बदलायची आहे? क्लोनझिलासारख्या फुकट सॉफ्टवेअरने जशीच्या तशी एसएसडीवर उतरवा. क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा.

खरी भानगड मदरबोर्डाची. विंडोज १० आणि ११ नव्या बोर्डावर बहुधा स्वतःच उभं राहतं, पण पीसी उघडण्याआधी एवढं करा:

१. डेटाचा बॅकअप. हे सांगायला नकोच.

२. विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. नंतर 'अ‍ॅक्टिव्हेशन'मध्ये ट्रबलशूट करून 'हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय निवडता येतो. मात्र ब्रँडेड पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाबरोबरच जातं. दुकानातून वेगळं घेतलेलं रिटेल लायसन्स नव्यावर नेता येतं.

३. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं बंद, करा. नाहीतर नव्या बोर्डावर निळा पडदा ती की मागेल, आणि ती नसेल तर डेटा गेलाच समजा.

४. नव्या बोर्डाचा लॅन किंवा वायफाय ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. इंटरनेटच नसेल तर बाकीचे ड्रायव्हर उतरणार कुठून?

चालू झालंच नाही तर बायोसमध्ये स्टोरेजचा मोड बघा. आधी एएचसीआय (डिस्क चालवण्याचा साधा मोड) होता आणि आता रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवण्याचा मोड) असेल, तर विंडोजला आपली डिस्कच सापडत नाही. तेही ठीक असेल तर जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी रीत) असण्याची शक्यता मोठी, आणि नव्या बोर्डांना बहुधा जीपीटी ही नवी रीत लागते. त्यासाठी विंडोजमध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाचं टूल आहे.

इंटेलवरून एएमडीवर जात असाल तर जुनंही चालतं, पण मी तरी कोरंच टाकेन. जुन्या ड्रायव्हरांचा कचरा कशाला वागवायचा!

आणि पीसी दुकानाचा किंवा ऑफिसचा असेल, त्यात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) असेल, तर बोर्ड काढण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा. तेही मशीनशी बांधलेलं असतं.