जर्मनीत घरचं नेट सारखं जातंय? कंपनी बदलायच्या आधी हे बघा

ऑक्टोबर आला, नवीन पोरं आली की आठवड्याभरात मेसेज ठरलेला, "दादा नेट सारखं जातंय, कंपनी बदलू का?" अरे बाबांनो, बहुतेकांनी 24 महिन्यांचं काँट्रॅक्ट केलेलं असतं, मनात आलं आणि बदललं असं इथे होत नाही. आधी एवढंच शोधा की गडबड वायफायची आहे का लाइनची. कुणाकडून तरी लॅन केबल मागून आणा, लॅपटॉप थेट राउटरला जोडा. केबलवर नेट सुसाट असेल तर लाइन ठीक आहे, घोळ तुमच्या घरातच आहे. (इथे वायफायला वे-लान म्हणतात, हॉटलाइनवर तोच शब्द कानावर पडेल.)

आमचंच सांगतो. रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावला की पाच मिनिटांत तिकडून "परत दगड झालास रे!" मी दोन महिने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये कंपनीशी भांडलो, एकदा तर आवाज पण चढवला. मग एक मित्र जेवायला आला, पॅसेजमधे बघितलं तर टेलिफोनचं सॉकेट तिथे म्हणून राउटर तिथेच जमिनीवर, आणि बायकोने मोठ्या हौसेने आणलेला पुरुषभर उंचीचा आरसा बरोब्बर त्याच्यासमोर! आरशाच्या मागे धातूचा थर असतो, तो सिग्नल परत फेकतो. आरसा बेडरूममधे गेला, राउटर चपलांच्या रॅकवर चढला, आणि आई हलायला-बोलायला लागली. कंपनीची माफी वगैरे काय मी मागितली नाही.

तर राउटर उंचावर, उघड्यावर ठेवा, कपाटात कोंबू नका. इथल्या बऱ्याच बिल्डिंगच्या भिंती सळईच्या काँक्रीटच्या असतात, राउटर बहुतेक दोन फ्रिक्वेन्सींवर वायफाय देतो, 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ. 5 चं नेट फास्ट असतं पण अशा दोन भिंतींत त्याचा जीव जातो, लांबच्या खोलीत 2.4 वर जोडून बघा. पण 2.4 वर सगळ्या बिल्डिंगची गर्दी, म्हणून राउटरच्या सेटिंगमधे चॅनल 1, 6 नाहीतर 11 यातला जो मोकळा असेल तो घ्या. रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा) घेतलात तर राउटर आणि खोलीच्या अर्ध्या वाटेवर लावा, जिथे सिग्नलच पोचत नाही तिथे लावून तो काय कपाळ रिपीट करणार?

आता केबलवर पण नेट तुटत असेल तर. डीएसएल म्हणजे टेलिफोनच्या वायरीवरून येणारं नेट असेल तर भिंतीवरच्या सॉकेटला तीन भोकं असतात, वायर मधल्या, एफ लिहिलेल्या भोकात हवी, बाजूच्या एन मधे नाही (हसू नका, बघून या आधी). फ्रिट्झबॉक्स (इथे बऱ्याच घरांत असणारा राउटर) असेल तर पॉवर/डीएसएलचा दिवा लुकलुकतोय का बघा, लुकलुकतोय म्हणजे लाइन जोडलेली नाही. ब्राउझरमधे फ्रिट्झ डॉट बॉक्स उघडून आत 'एराइग्निसे' म्हणजे घडामोडींच्या यादीमधे लाइन कधी कधी तुटली ते वेळेसकट दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग कंपनीकडे 'श्टोरुंग' म्हणजे बिघाड नोंदवा, आणि नोंदवल्याची तारीख लेखी घ्या. नेट पूर्ण बंद असेल आणि दोन दिवसांत सुरू झालं नाही तर डिसेंबर 2021 पासूनच्या कायद्याप्रमाणे तिसऱ्या-चौथ्या दिवसाचे रोजचे 5 युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या 10 टक्के, जे जास्त असेल ते मिळतं, पाचव्या दिवसापासून 10 युरो किंवा 20 टक्के. नुसतं स्लो असेल तर सरकारी 'ब्राइटबांडमेसुंग' ॲप आहे, त्यात तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून 30 वेळा मोजावं लागतं आणि तेही केबलवर, वायफायवर नाही. कंटाळवाणं आहे पण त्यावर बिल कमी करून मागता येतं.

टेक्निशियन "8 ते 12 मधे येतो" म्हणेल. तो आला नाही तर त्याचीही भरपाई असते, पण त्याच्या आधी खाली जाऊन बेलवर तुमचं नाव लागलंय का बघा. इथे बहुतेक ठिकाणी फ्लॅट नंबर नसतो, नावावरच घर शोधतात. आधीच्या भाडेकरूचं नाव असेल तर तो बेल न वाजवताच निघून जाईल, आणि कंपनीच्या लेखी गैरहजर तुम्ही. घरमालकाची पाटी येईपर्यंत कागदावर नाव लिहून सेलोटेपने चिकटवा, आडनाव ठळक.