झाकल्या बोलीचा झटपट डाव: घरच्या पत्त्यांनी गूफस्पील कसा खेळावा

मेंढीकोटाला चौघे लागतात, रमीला निवांत वेळ लागतो आणि झब्बूत वाटपात कोणते पत्ते आले यावर बरेच काही अवलंबून असते. दोघे किंवा तिघेच असतील आणि हाताशी दहाच मिनिटे असतील, तर पत्त्यांच्या साध्या कॅटने खेळता येणारा गूफस्पील हा खेळ शिकून ठेवावा. अमेरिकन गणितज्ञ मेरिल फ्लड यांनी तो १९३० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठात असताना तयार केला. पुढे ‘कैद्यांचा पेच’ या नावाने जगभर गाजलेला, दोघांनी एकमेकांना साथ द्यावी की दगा असा प्रश्नही त्यांनीच मेल्विन ड्रेशर यांच्यासह १९५० मध्ये मांडला होता. गणितज्ञाने रचलेला असला, तरी हा खेळ आठ-दहा वर्षांच्या मुलालाही एका डावात समजतो.

कॅटमधून जोकर काढून टाकावेत आणि चारही रंग वेगळे करावेत. चौकटचे १३ पत्ते बक्षिसाचे मानावेत, ते चांगले पिसावेत आणि मध्ये पालथे ठेवावेत. एका खेळाडूने सगळे इस्पिक घ्यावे, दुसऱ्याने सगळे बदाम. तिसरा असल्यास त्याला किलवर द्यावे, नसल्यास किलवर बाजूला ठेवावे. एक्क्याची किंमत १, दुर्रीची २, असे चढत जाऊन दश्शीची १०, गुलामाची ११, राणीची १२ आणि राजाची १३ असते. आपल्याकडच्या बहुतेक खेळांत एक्का सर्वांत मोठा असतो आणि इथे तो सर्वांत लहान आहे, हे सुरुवातीलाच सर्वांना स्पष्ट सांगावे, म्हणजे ऐन डावात वाद होत नाहीत.

आता मधल्या गड्डीतला वरचा पत्ता उताणा करावा. तो मिळवण्यासाठी प्रत्येकाने आपल्या हातातला एक पत्ता निवडून समोर पालथा ठेवावा, आणि सर्वांचे पत्ते खाली आल्यावर ते एकाच वेळी उलटावेत. ज्याची बोली मोठी, त्याला बक्षिसाचा पत्ता मिळतो. बोलीचे पत्ते मात्र जिंकलेल्याचेही आणि हरलेल्याचेही कायमचे खर्ची पडतात. खेळाची सगळी गंमत याच एका नियमात आहे. बोली सारखी आली, तर बक्षीस तसेच पडून राहते, त्यावर पुढचा पत्ता उघडला जातो आणि पुढचा विजेता दोन्ही उचलतो. काही जण बरोबरीचे बक्षीस बाद करतात, पण साठत जाणाऱ्या बक्षिसाने डावात रंगत येते, म्हणून घरी खेळताना मी पहिलाच नियम सुचवेन. शेवटच्या पत्त्यावरच बरोबरी झाली, तर ते बक्षीस कोणालाही मिळत नाही. १३ पत्ते संपले की प्रत्येकाने आपल्या बक्षिसांची बेरीज करावी.

एक उदाहरण घेऊ. पहिलाच पत्ता चौकटचा राजा निघाला. आपण धोका नको म्हणून इस्पिकचा राजा लावला, आणि समोरच्याने ते ओळखून बदामचा एक्का टाकला. आपल्याला १३ गुण मिळाले, तरी आता त्याच्या हातात २ ते १३ आहेत आणि आपल्या हातात १ ते १२. यापुढे आपण प्रत्येक बक्षिसाला नेमकी त्याच्या किमतीची बोली लावत राहिलो आणि त्याने दर वेळी एकाने मोठा पत्ता टाकला, तर उरलेले सगळे ७८ गुण त्याच्याकडे जातील. राजा गमावूनही त्याचे काहीच बिघडत नाही. म्हणून मोठे बक्षीस दिसताच सर्वांत मोठा पत्ता काढण्याची सवय लागू देऊ नये.

सर्व बक्षिसांची एकूण किंमत ९१ होते, म्हणजे दोघांच्या डावात ४६ गुण झाले की जिंकणे निश्चित. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांची बेरीज नेमकी ४६ येते आणि उरलेल्या नऊ पत्त्यांची ४५. त्यामुळे चारही मोठे पत्ते ज्याला मिळतील तो बाकी सगळे सोडूनही जिंकतो, पण त्यांतला एक जरी निसटला तरी त्याला लहान पत्त्यांकडे वळावेच लागते. मेंढीकोट खेळणाऱ्याला दश्शीची किंमत वेगळी सांगायला नको. इथेही अनेकदा तिच्यापाशीच डाव फिरतो.

समोरचा अगदी न पाहता पत्ते टाकत असेल, तर बक्षिसाच्या किमतीइतकीच बोली लावणे सर्वांत फायद्याचे, हे गणितज्ञ शेल्डन रॉस यांनी १९७१ मध्ये गणिताने सिद्ध केले. विचार करून खेळणाऱ्यापुढे मात्र हीच पद्धत अंगाशी येते, कारण ती दोन-तीन बोलींत ओळखू येते. २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दोघांच्या १३ पत्त्यांच्या डावाची उकल झाली, आणि तिच्यातूनही एकच एक ठरावीक चाल नव्हे, तर चाली कोणत्या प्रमाणात मिसळाव्यात हेच निघाले. थोडक्यात, आपली पुढची बोली समोरच्याला ओळखता येऊ नये.

हे पाळताना एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. पत्ते चढत्या क्रमाने पंख्यासारखे धरले, तर आपण उजव्या टोकाचा पत्ता ओढला की डाव्या, हे समोरच्याला स्वच्छ दिसते. म्हणून हातातले पत्ते मुद्दाम विस्कटलेले ठेवावेत. वापरलेले पत्ते मात्र प्रत्येकाने आपल्यासमोर उताणे मांडावेत, म्हणजे कोणाकडे काय उरले हे सर्वांना कळते आणि नवख्याला पाठांतराचे ओझे राहत नाही.

लहान मुलांसाठी प्रत्येक रंगातले एक्का ते सत्ती एवढेच पत्ते घ्यावेत. तेव्हा एकूण २८ गुण असतात आणि १५ ला जिंकता येते. तिघे असतील, तर बरोबरीचा नियम बदलून पाहावा: दोघांची सर्वांत मोठी बोली सारखी आली की दोन्ही बोली रद्द, आणि तिसरा दुर्रीवरही बक्षीस घेऊन जातो. खेळ रचणारे अॅलेक्स रँडॉल्फ यांच्या १९८८ च्या ‘होल्स डेअर गायर’ या जर्मन खेळात सारख्या बोली अशाच रद्द होतात, शिवाय उणे गुणांचे पत्तेही असतात आणि ते सर्वांत लहान बोली लावणाऱ्याच्या गळ्यात पडतात. हसण्याखिदळण्यासाठी तिघांत हाच नियम मला अधिक आवडतो.

एका डावावर हार-जीत ठरवण्यापेक्षा तीन डावांचे गुण कागदावर लिहून बेरीज करावी. दोन डावांच्या मध्ये फक्त चौकट पिसायची असते आणि प्रत्येकाने आपापला रंग परत हातात घ्यायचा असतो, त्यामुळे पुढचा डाव मिनिटभरात सुरू होतो.